जळका नाही, भाजलेला आहे तो

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

गोव्यात, म्हापशात आमच्या घराजवळ तो पातळ पिझ्झावाला आहे ना (नाव टाकत नाही, आधीच शनिवारी टेबल मिळत नाही), तिथे संध्याकाळी पावसात अडकलो म्हणून शिरलो. आठ टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे लाकडाची भट्टी. सगळं नेहमीचं, फक्त मेनूकार्डावर नवीन स्टिकर. 'थिक क्रस्ट व चीज बर्स्ट मिळेल.'

अरे का??

का ते पाचच मिनिटांत कळलं. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब. टुरिस्ट नव्हेत हां, आमचेच म्हापशेकार. साहेबांनी तुकडा उलटा केला, खाली दोन काळे ठिपके दिसले, झालं, वेटर पोराला बोलावलं आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं, "कितें रे हें, पापड? आनी तोय करपलेलो!" पोरगा 'सॉरी सर' म्हणत प्लेट उचलून आत गेला. मला उठून बोलायचं होतं. नाही उठलो. तेच तेव्हापासून डोक्यात बसलंय.

आता माझ्या बाबांचं ऐका. वय ७६, आयुष्यभर पेज, माशाचं हुमण, शीत (भात) आणि सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोय. पोदेराचा पों-पों ऐकला की अजून स्वतः गेटवर जातात, पोय हातात घेतात, उलटी करतात, खालची बाजू बघतात आणि मगच पैसे देतात. त्यांना मी दोन वर्षांपूर्वी या पिझ्झावाल्याकडे जवळजवळ ओढतच नेलं. साधा मार्गारिटा मागवला (चोरिसवाला, म्हणजे डुकराच्या सॉसेजचा, मी एकटा असलो की खातो, घरी सांगू नका). बाबांनी तुकडा उचलला आणि काय केलं? उलटा केला. अंगठ्याच्या नखाने खाली टक-टक वाजवून बघितलं आणि म्हणाले, "बरो भाजला." बस. एवढंच सर्टिफिकेट. मग वेटरला विचारलं, "लाकूड कसलें घालतात रे?" त्याला माहीत नव्हतं, तो आत विचारायला धावला.

तेच काळे ठिपके होते हो! तेच! लाकडाच्या भट्टीत ४०० डिग्रीच्या वर ताप असतो, पिझ्झा थेट तापलेल्या विटांवर पडतो, दीड-दोन मिनिटांत बाहेर. ठिपके येणारच. भाकरीला येतात तेव्हा आपण आईला करपली म्हणून परत पाठवतो का? आणि पातळ म्हणजे कंजूषपणा असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा घरी लाटून बघावा, न फाटता. या पावसात तर पिठाला ओल धरते, लाकूड ओलं होतं, तरी हा माणूस रोज आदल्या दिवशी पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवतो. इटलीत पण नेपल्सचा मऊ आणि कडेला फुगलेला, रोमचा पातळ कुरकुरीत. नेपल्सवाल्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मान दिला, म्हणून कोणी रोममध्ये जाऊन 'तुमचा पापड परत न्या' म्हणतं का?

बरं, मान्य, महाग आहे. मान्य, एकाने माझं पण पोट भरत नाही, घरी येऊन दहीभात खातो. आणि माझी मुलगी चीज बर्स्ट आवडीने खाते, तिला सोडून बाकी सगळ्यांना बोलतोय.

पण चीज बर्स्ट पाहिजे तर म्हापशात काय कमी दुकानं आहेत? ह्याच माणसाकडे येऊन तेच कशाला मागायचं? पोदेराला कोणी म्हणतं का की पोय नको, स्लाइस ब्रेड भाज म्हणून? (म्हणत असतील. आजकाल काही सांगता येत नाही.)

बिल देताना शेवटी मालकालाच विचारलं, थोडं तिरसटपणेच, की बाब, हे स्टिकर काय? तो हसला. म्हणाला, जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक अर्धं होतं, भाडं अर्धं होत नाही. रोज चार-पाच जण विचारून उठून जातात. मग कोपऱ्यात बोट दाखवलं, छोटा इलेक्ट्रिक ओव्हन, हप्त्यावर घेतलेला. जाड पिझ्झा भट्टीत टाकला तर वरून जळतो आणि आत कच्चा राहतो, म्हणून तो वेगळा. भट्टीत पातळच जाणार म्हणाला. आणि वर मलाच विचारतो, "बाबा बरे आसात मरे? खूप दिस आयले ना." (आले नाहीत, म्हणजे.)

आता ह्या माणसावर काय चिडणार.

त्याने परत आलेला तो 'करपलेला' पिझ्झा काउंटरमागे ठेवला होता, वेटर पोरगा उभ्या उभ्या खात होता. एक तुकडा मी मागून घेतला. गार झाला होता, तरी कड मोडताना कटकन वाजली.

परवा शुक्रवार, बाजार करून बाबांना थेट तिथेच नेतो. मेनूकार्ड त्यांच्या हातात देणार नाही, ऑर्डर मीच सांगेन. स्टिकर बघितलं तर तिथेच सुरू होतील, आणि ते माझ्यासारखे गप्प बसणाऱ्यातले नाहीत.