छावणीत शाळा का भरत नाही?

लग्नाचा बस्ता बांधायला शेजारच्या गांधीनगरला सगळं कोल्हापूर जातं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथं आली, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच्याही आधी तिथल्या बराकींत पोलंडची माणसं राहायची, हे सांगितलं की समोरचा आपल्याकडंच संशयानं बघतो!

१९४३ ते १९४८. त्या बराकींचं तेव्हाचं नाव वळिवडे कॅम्प. जवळपास ५ हजार माणसं, त्यात बायका-पोरंच जास्त. १९४० च्या सुमारास सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. सुटल्यावर इराणमार्गे ती इथवर आली. परत कुठं जायचंय, जायला देश उरणार का, काही ठाऊक नव्हतं. तरी कॅम्पात प्राथमिक शाळा होती, माध्यमिक होती, स्काउट होतं. शिकवणारी माणसं बरीचशी त्यांच्यातलीच. महायुद्धानं घर हिरावलेली पोरं आपल्या करवीर (कोल्हापूर) संस्थानात स्वतःच्या भाषेत शिकून मोठी झाली.

आणि आपली पोरं?

२००५, २०१९, २०२१, कोल्हापूरचे तीन महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी, सगळा शिरोळ तालुका. पाणी चढायला लागलं की आपण पहिल्यांदा शाळा मोकळी करतो. बाकं भिंतीला लावायची, वर्गात सतरंज्या टाकायच्या. त्यात चूक काही नाही, गावात उंचावरची पक्की इमारत बहुधा तीच असते. पण गंमत बघा, पोरगं चोवीस तास शाळेत राहतंय आणि त्याची शाळा बंद! गुरुजीही तिथंच, फक्त हातात खडूऐवजी याद्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ आपत्तीच्या कामाला शिक्षक लावायची मुभा देतं, त्यामुळं तक्रार करायला जागा नाही. पण दहांतले दोन शिक्षक याद्यांतून सोडवून पोरांना दिले तर कुठला पंचनामा अडणार आहे?

‘आधी पोट, मग पाटी’ असं म्हणणारे भेटतात. अहो, कोल्हापुरात पुराच्या वेळी जेवणाची ददात कधी पडली? भाकऱ्यांचे ढीग लागतात. आई-बाप गाळ काढायला आणि पंचनाम्याच्या रांगेत, पोरं छावणीत मोकाट. सकाळी हजेरी झाली तर निदान कोण कुठं आहे ते तरी कळेल. आठवी-नववीच्या पोरी धाकट्या भावंडांना सांभाळत बसतात आणि पाणी ओसरल्यावरही घरातच राहतात, हे मी पाहिलंय. २०२१ ला तर कोरोनामुळं शाळा आधीच मोबाईलवर होत्या. पुरात मोबाईलच गेला त्या पोराचं काय?

मदतीत वह्या येतात, चिक्कार येतात, फोटोसकट. पाठ्यपुस्तकं येत नाहीत. जूनला मिळालेली बालभारतीची पुस्तकं ऑगस्टात भिजली की गेली. तालुक्याला चार संच जास्तीचे ठेवायला काय हरकत आहे? दुसऱ्या गावी मामाकडं राहायला गेलेल्या पोराला ‘आधी दाखला आणा’ म्हणून परत धाडल्याचं मी ऐकलंय. सरकारी शाळेतून सरकारी शाळेत जाताना दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५, कुणीही वाचावं.

फिरती शाळा चालवणं आपल्याला नवं नाही. ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी कारखान्यावर साखरशाळा भरवल्यात आपण. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावणाऱ्या शाहू महाराजांचा हा जिल्हा. सक्तीच्या शिक्षणाचा तो कायदा १९१७ चा.

पावसाळ्याआधी प्रत्येक गावात पूर आराखडा होतो. बोटी किती, लाईफ जॅकेटं किती, निवारा केंद्र कुठं. त्यातच आणखी दोन ओळी हव्यात: छावणीतली कुठली खोली वर्गासाठी, आणि शिकवायला कोण. तुमच्या ग्रामसेवकांना विचारा आणि काय उत्तर मिळालं ते गावाच्या नावासकट खाली लिहा. यादी करून आपण तहसीलदारांकडं घेऊन जाऊ.