नाइस म्हणजे मूर्ख होतं, मग सुशेगाद म्हणजे आळशी का होऊ द्यायचं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय, नाइस या इंग्रजी शब्दाचा "खरा" अर्थ मूर्ख आहे, तेव्हा कुणाला नाइस म्हणू नका म्हणे. यातलं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं साफ चूक, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, आणि त्यावरूनच आमच्या गोव्यातल्या सुशेगाद, म्हणजे निवांत, या शब्दाबद्दलही.

लॅटिनमध्ये नेस्किउस म्हणजे ज्याला काही कळत नाही असा. ने म्हणजे न, स्किरे म्हणजे जाणणे, आपला अज्ञ शब्द बनलाय तसाच. त्याच स्किरेपासून सायन्स पण आलं! फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा अर्थ खरोखरच मूर्ख, अडाणी असा होता. मग तो सरकत गेला, कधी नखरेल, कधी लाजाळू, कधी चोखंदळ, मग बारीक, काटेकोर (नाइस डिस्टिंक्शन म्हणतात ना, तिथे तो अर्थ अजून टिकून आहे), आणि छान, चांगला हा आजचा अर्थ रुळला तो थेट १८ व्या शतकात. पोर्तुगीजमध्ये मात्र तोच लॅटिन शब्द नेश्सियु होऊन होता तिथेच राहिला, आजही मूर्खच. आमच्या वाड्यावर पोर्तुगीज राजवटीत शिकलेले एक भाई होते, पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, भलत्याच माडावर चढला की अंगणातून नेश्सियु म्हणून ओरडायचे, आणि त्याच सोप्यावर बसून नातवंडं कुणाच्या तरी फोटोखाली नाइस नाइस टाइप करत असायची. एकाच आजीची दोन नातवंडं, एक शिवी झालं आणि एक शाबासकी.

सिलीचं नेमकं उलट झालं. जुन्या इंग्रजीत सेलिग म्हणजे सुखी, देवाची कृपा असलेला. तिथून भोळा, मग बिचारा आणि शेवटी मूर्ख.

मुळातला अर्थ तोच खरा असं धरून चाललो तर मराठीत तोंड उघडायची सोय राहणार नाही. संस्कृतात राग म्हणजे रंग, ओढ, प्रेम पण, अनुरागात ते अजून आहे, आपल्याला मात्र राग आला की संतापच येतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. यात कुणाचंच चुकलेलं नाही, माणसं रोज ज्या अर्थाने बोलतात तो अर्थ खरा.

आणि म्हणूनच मला सुशेगादची काळजी वाटते. पोर्तुगीज सोसेगादुवरून आलेला शब्द, अर्थ शांत, निवांत, जिवाला घोर नसलेला. आळस त्यात कुठेच नाही. पण हल्ली रील बघा, किनाऱ्यावरच्या शॅकवर पाय पसरून बियर पिणारा माणूस आणि वर सुशेगाद, म्हणजे गोंयकार, गोव्याचा माणूस, काम करत नाही असं ऐकणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसतं. बाहेरचे हे इतक्या वेळा म्हणतात की आता आमची पोरं पण तसंच म्हणायला लागलीत, मला खरंच वाईट वाटतं.

आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, बघा. अख्खं गाव झोपलेलं असताना त्याची भट्टी पेटते, उजाडायच्या आत सायकलच्या मागे टोपली बांधून पोंय पोंय करत दारोदार, पोळी, उंडो, काकणां अशा पावांपैकी ज्याला जे लागतं ते त्याला न विचारता ठाऊक, आणि संध्याकाळी परत तीच फेरी. मधल्या वेळेत तो दार ओढून झोपतो, कुणी हाक मारली तरी उठत नाही. सुशेगाद ते. अंगमेहनत करून झाल्यावरची स्वस्थता, आणि ती कुणी हिरावून घेणार नाही ही खात्री.

नाइस वर चढला, सिली खाली घसरला, दोन्ही लोकांच्या वापरानेच. सुशेगाद अजून मधल्या पायरीवर आहे, तो आमच्या हातात आहे. ज्यांची होमस्टे आहेत, हॉटेलं आहेत त्यांना हात जोडून सांगणं, जाहिरातीत सुशेगाद लिहा, जरूर लिहा, पण त्याच्या बाजूला झोपाळ्यावर लोळणारा माणूस टाकू नका. दुकान दुपारी बंद असेल तर पाटीवर सरळ लिहा, पहाटेपासून काम केलंय, आता चारला या.