अभ्यासाला बसण्याआधी

राज्यसेवेच्या अभ्यासासाठी तुम्ही पुण्यात आलात, हे फार बरं केलंत. गावी लक्ष लागत नाही. आई मध्येच दळण आणायला पिटाळते, लाईट जाते, मामा येतो. सदाशिव पेठेत हे काही नाही. इथे व्यत्यय ज्याचे त्याला गोळा करावे लागतात आणि त्याला शिस्त लागते.

सगळ्यात आधी जागा. अभ्यासिकेत खुर्ची पंख्याखालची हवी, पण भिंतीकडची, आणि चार्जिंगचा पॉइंट हाताशी. तशी मिळेपर्यंत पुस्तक उघडू नका. भलत्या जागी वाचलेलं ध्यानात राहत नाही म्हणतात. कोण म्हणतं? टपरीवर म्हणतात.

मग वेळापत्रक. राज्यघटना निळ्या स्केचपेननं, भूगोल हिरव्या, अर्थशास्त्र जांभळ्या. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर, १७५० गुण. म्हणजे हाताला लिहायची सवय हवीच, ती इथे आपसूक होते. पहाटे साडेचारला उठणार असं बेधडक लिहा, लिहिताना कसली आलीय काटकसर! दुपारी मागे पडाल. मग मागे पडलेलं धरून नवं वेळापत्रक करा.

आता टायमर. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना काढली. स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर त्यानं पुढ्यात ठेवला होता. बिचाऱ्याकडे मोबाइल नव्हता. तुमच्याकडे आहे, तेव्हा आधी पाच-सहा ॲप उतरवून त्यांची तुलना करा. मोबाइलला हात न लावल्यास ज्यात झाड वाढतं, ते सर्वांत चांगलं. झाड किती वाढलं हे दर दोन मिनिटांनी बघता येतं.

एवढं झालं की खुशाल वाचायला घ्या. ७३वी घटनादुरुस्ती, १९९२. अंमल २४ एप्रिल १९९३ पासून. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय. पहिला शेती, दुसरा जमीन सुधारणा, तिसरा लघुपाटबंधारे, चौथा पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन... इथे शेजारचा भुवया उडवून खुणावतो. चहा.

चहाला नाही म्हणू नये. टपरीवर जे चालतं त्याला चालू घडामोडी म्हणतात. आयोग तारीख पुढे ढकलणार का, यंदा कटऑफ किती लागणार, अमक्या सरांच्या नोट्स तमक्यांपेक्षा बऱ्या का. परीक्षा अजून व्हायची आहे हा मुद्दा कुणी काढलाच, तर चहाचे पैसे त्याला द्यायला लावा. जागा किती आणि अर्ज किती, हे गणित मात्र तिथे मांडायचं नाही. त्यानं खरोखरच लक्ष उडतं.

परत आलात की मत्स्यव्यवसायापासून सुरुवात करायची, पण तोवर मेसची वेळ झालेली असते. पाचवा विषय उद्या.

जेवणानंतर डोळे जड होतात, तेव्हा मुलाखती बघाव्यात. पहिला आलेला मुलगा सांगत असतो, ‘मी दोन वर्षं मोबाइलला हात लावला नाही.’ हे दीडपट वेगानं बघा, वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीची बघा. मग दोन्ही मुलाखती टेलिग्रामवरच्या ग्रुपात टाका आणि कुणी कुणी पाहिल्या ते तपासत बसा.

रात्री घरून फोन येईल. ‘काय चाललंय?’ असं बाबा विचारतील. ‘पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय,’ असं ठामपणे सांगा. तेही त्याच कामातून हात धुऊन फोनवर आलेले असतात.