बायोला स्कोप आहे म्हणणाऱ्यांनो, पगाराचा आकडा बोला

‘बायोला खूप स्कोप आहे.’ हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं, तर मी त्याला तिथल्या तिथे विचारणार आहे, किती? महिन्याला हातात किती? स्कोप-बिकोप राहू द्या बाजूला, आकडा बोला.

काल परत तेच झालं म्हणून डोकं फिरलंय. नवी मुंबईत महापेला एका औषध कंपनीत वॉक-इन, म्हणजे थेट मुलाखती होत्या. जाहिरातीत लिहिलेलं, बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, पगार इंडस्ट्री नॉर्म्सप्रमाणे. गेटबाहेर भर उन्हात फायली छातीशी धरून रांग. कुणी बदलापूरहून, कुणी विरारहून आलेलं. एम.एस्सी. झालेलीही त्याच रांगेत, त्याच पोस्टसाठी. दोन तास उभं राहून आत गेले तर एचआरच्या मॅडम म्हणतात, ‘एक लाख ऐंशी हजार सीटीसी. फ्रेशरला आम्ही एवढंच देतो.’ म्हटलं, मॅडम, मी फ्रेशर नाही, क्यूसीत, औषधांच्या तपासणीत, वर्षभराहून जास्त काम केलंय. तर म्हणे, ‘ते कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर होतं ना? ते आम्ही अनुभवात धरत नाही.’ आणि लगेच पुढचा प्रश्न, नाइट शिफ्टला घरचे पाठवतील का, लग्नाचं काही चाललंय का. पगार बारा हजारांचा आणि चौकशी सोयरिकीची!

हो, बाराच हजार. एक लाख ऐंशी हजार सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. ऐकायला बरं वाटतं, पण भागा बाराने. पंधरा हजार झाले. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला, कंपनीच्या वाट्याचं ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता धरलेला, ग्रॅच्युइटी धरलेली. मग आपल्या वाट्याचा पीएफ कापायचा, ईएसआयसी कापायचं. हातात उरतात बारा हजारांच्या आसपास. ईएसआयसी लागू होण्यासाठी पगाराची मर्यादा महिन्याला २१,००० आहे. आमच्या बॅचच्या बहुतेकांना ती ओलांडायची वेळच आलेली नाही. आणि ‘अप्रेंटिस म्हणून या, शिकायला मिळेल’ म्हणणारे वेगळेच. पदवीधर अप्रेंटिसला २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान स्टायपेंड ९,०००. या पैशात डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने रबाळे किंवा कोपरखैरणे, पुढे शेअर रिक्षा, आणि कँटीनचे पैसे वेगळे. घरी काय द्यायचं? आईने फी भरायला सोनं ठेवलं होतं, ते कशातून सोडवायचं?

आणि काम काय करतो आम्ही, ते एकदा ऐका. इंजेक्शनच्या बॅचची स्टरिलिटी टेस्ट, म्हणजे त्यात एकही जंतू नाही ना याची तपासणी. आधी गाऊनिंग. हूड, मास्क, गॉगल, दोन-दोन ग्लोव्हज. केसाची एक बट बाहेर आली तरी परत पहिल्यापासून. त्यात तासन्‌तास एलएएफ, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटासमोर, हात हळू हलवायचे, बोलायचं नाही, नाक खाजवायचं नाही, बाथरूम विसरायचं. हवेत जंतू किती ते बघायला सेटल प्लेट्स, म्हणजे जंतू वाढतील अशा थाळ्या, उघड्या ठेवायच्या, चार तासांच्या वर नाही. मग जंतू वाढवणाऱ्या दोन मीडियांमध्ये सॅम्पल घालून चौदा दिवस ठराविक तापमानात ठेवायचं आणि ट्यूब उजेडासमोर धरून बघायचं, गढूळपणा आलाय का. एका ट्यूबमध्ये जरा धूसर दिसलं तरी पोटात गोळा येतो, कारण ते औषध कुणाच्या तरी शिरेत जाणार असतं. सगळं त्याच क्षणी रजिस्टरमध्ये लिहायचं, खाडाखोड चालत नाही, वेळ चुकली तर डेव्हिएशनचा, म्हणजे नियम चुकल्याचा, फॉर्म भरा, ऑडिटर आला की उत्तरं आम्हीच द्या. एवढी जबाबदारी आमच्या सहीवर टाकताना ‘फ्रेशर’ आठवत नाही कुणाला. फक्त पगार ठरवताना आठवतं.

यावर सगळ्यांचं एक ठरलेलं उत्तर, ‘अगं, नुसत्या बी.एस्सी.वर काय होतंय? पुढे काहीतरी कर.’ काय करू? पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलं की म्हणतात डीएमएलटी, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, कुठंय? म्हणजे तीन वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले ते धरायचंच नाही, परत फी भरून रक्त काढायला शिकायचं. क्लिनिकल रिसर्चचा पीजी डिप्लोमा करा, परत फी. कॉलेजात शिकवायचं तर एम.एस्सी. हवी, वर नेट किंवा सेट परीक्षा पास. आणि एम.एस्सी.च्या सीट किती? बी.एस्सी.च्या एका बॅचमधली निम्मी मुलंसुद्धा त्यात मावत नाहीत. त्यातून मिळाली सीट, झाली एम.एस्सी., पास झाली सीएसआयआरची नेट, तर जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं. हा आकडा २०२३ पासूनचा. ठीकठाक पैसे दिसतात ते थेट इथे, आणि तेही जेमतेम काहींनाच. बाकीच्यांनी काय करायचं, यावर सगळे हात वर करतात.

बाकीचे ऐरोलीला जातात. मेडिकल कोडिंग. अमेरिकेतल्या पेशंटच्या फायली वाचायच्या आणि त्यांच्या विम्याच्या क्लेमसाठी आजाराला कोड लावायचे. माझी जिवाभावाची मैत्रीण, जिने वनस्पतिशास्त्रात पहिला नंबर काढला, जी संजय गांधी नॅशनल पार्कात नुसतं पान बघून झाड सांगायची, ती आज रात्रभर बसून हेच करते. कारण तिथे क्यूसीपेक्षा जास्त पगार आहे. तिला मी एका शब्दाने बोलणार नाही, तिच्या घरी दोन भावंडं शिकतायत. पण तिच्या डोक्यात जे आहे त्याला या शहरात किंमतच नसावी?

कॉलेजच्या पहिल्या दिवशी आम्हाला काय दाखवलं होतं, तर जंतुशास्त्रज्ञ हाफकिन! १८९७ साली भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस बनवली आणि पहिला डोस स्वतःला टोचून घेतला. अंगावर काटा आला होता माझ्या, आजही येतो. मग स्लाइडवर मोठ्या संशोधन संस्थांची नावं, कुलाब्याचं टीआयएफआर, ट्रॉम्बेचं बीएआरसी, खारघरचं कॅन्सर संशोधनाचं ॲक्ट्रेक. आईबाबा मागच्या बाकावर बसून ऐकत होते. या संस्थांमध्ये बी.एस्सी.वाल्यांसाठी वर्षाला जागा किती निघतात, ते कुणी सांगितलं नाही. मागच्या वर्षी इथून पास झालेली मुलं कुठे आहेत, किती कमावतात, तेही नाही. सेल्फ-फायनान्स कोर्सची फी किती आणि हप्ते कधी भरायचे, ते मात्र छापील कागदावर हातात दिलं.

आणि नातेवाईक! ‘बायो घेतलं होतंस ना, मग डॉक्टर का नाही झालीस?’ आत्या, नीटला सरकारी सीट मिळाली नाही आणि खासगी कॉलेजची फी आपल्या सात पिढ्यांत कुणी बघितली नाही, म्हणून. दर लग्नात हेच उत्तर द्यायचा आता कंटाळा आलाय.

मला जीवशास्त्र आवडतं. आजही प्लेटवर जंतूंची कॉलनी उमटलेली दिसली की मी थांबून बघते. म्हणूनच जास्त राग येतो. ‘आवड आहे ना, मग पैशाचं काय एवढं’ असं म्हणून आमच्याकडून पडेल त्या भावात काम करून घेतलं जातं, आणि आम्ही नाही म्हटलं तर रांगेत मागे दुसरी उभीच असते.

तर कंपन्यांनी जाहिरातीत पगार छापावा. सीटीसी नको, हातात येणारा आकडा. छापायची लाज वाटत असेल तर वाढवा. कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर करून घेतलेलं काम अनुभव म्हणून धरा, कारण त्या बॅच तुम्हीच बाजारात विकल्यात. आणि कॉलेजांनी ॲडमिशनच्या खिडकीशेजारी, फीच्या बोर्डाला लागून, मागच्या तीन बॅचच्या मुलांचे पगार नाव न घालता लावावेत. यंदा माझी मावसबहीण बारावी सायन्स झाली. तिच्यासोबत फॉर्म भरायला मी जाणार आहे आणि हाच कागद मागणार आहे. नाही दिला, तर फॉर्म परत घेऊन येऊ.