खाऱ्या पाण्याने गळू जात नाही हो!

मे महिना लागला की तो मेसेज फिरायला लागतोच. सात दिवस दर्यावर जाऊन बुडी मारा, मीठ सगळे जंतू मारतं, फोड, गळू, पायाची सूज सगळं जातं, अँटिबायोटिक म्हणजे विष. यंदा आमच्या वाड्याच्या ग्रूपवर पण आला, आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले.

आधी ते मीठ बघू. समुद्रात मीठ साधारण ३.५ टक्के. आणि गळू करणारा मुख्य जंतू, स्टॅफिलोकोकस ऑरियस, त्याला वेगळा काढायला लॅबवाले मुद्दाम ७.५ टक्के मिठाच्या जेलीवर वाढवतात, कारण तिथे बाकीचे बहुतेक जंतू गप्प बसतात आणि हा मजेत वाढतो. मिरामारच्या दर्याचं पाणी त्याचं काय वाकडं करणार? उलट उघडी जखम घेऊन कोमट समुद्रात उतरलात तर समुद्रातले व्हिब्रिओसारखे जंतू आत शिरू शकतात, लिव्हरचा आजार असेल तर जिवावर बेततं. आजी-आजोबा न्हायला जायचे, मान्य, तुम्ही पण जा की, कातडी धड असेल तर.

दुसरं, सगळ्याला एकच उपाय कसा चालेल? पोराच्या नाकाखाली मधासारखी पिवळी खपली धरली तर तो इम्पेटिगो, म्हणजे कातडीवरचं पसरणारं इन्फेक्शन, थोडाच असेल तर डॉक्टर मलम देतात, टॉवेल मात्र वेगळा ठेवा. गळवाला गरम शेक, मोठं झालं तर डॉक्टरच चीर देऊन पू काढतात, घरी पिळायचं नाही, नाकाजवळचं तर नाहीच नाही. पण एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, ठणकतोय, ताप आहे, तर ते सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या आतल्या थरांत पसरणारं इन्फेक्शन, असू शकतं, आणि आपल्या सावळ्या रंगावर लाली धड दिसत पण नाही, म्हणून हात लावून बघा. बोटांमधल्या चिखल्यांतून जंतू आत जातो, पावसात तर काय विचारता. सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारा, सूज रेघेबाहेर गेली की डॉक्टरकडे जायला थांबू नका. इथे अँटिबायोटिक लागतंच.

हां, फार्मसीत मागून दोन गोळ्या खायच्या आणि बरं वाटलं की सोडायच्या, त्याला माझा पण विरोध. आणि ती खाज-बुरशी-जंतू सगळ्यावर म्हणून मिळणारी थ्री-इन-वन मलमाची ट्यूब! आत स्टेरॉइड असतं, लाली दबते, इन्फेक्शन वाढत राहतं.

दिसतंय त्याच्या मानाने दुखणं भयंकर असेल, कातडी काळी-जांभळी पडत असेल, माणूस ग्लानीत असेल, तर रात्रीचे दोन वाजले तरी सरळ गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) कॅज्युअल्टी गाठा, त्या इन्फेक्शनला ऑपरेशन लागतं, तेही तासांच्या आत.