विकिरणाच्या आंब्याला केळ्याचं उत्तर देऊ नका

विकिरण केलेल्या, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी गॅमा किरणांसमोरून नेलेल्या आंब्याबद्दल कुणी शंका काढली की आपल्यातले विज्ञानवाले लगेच ‘केळ्यातही किरणोत्सारी पोटॅशियम असतंच की’ म्हणतात. बंद करा हे. समोरच्याने केळ्याचं विचारलेलंच नसतं. ‘किरणं फळात राहतात का?’ हा त्याचा साधा प्रश्न असतो.

राहत नाहीत. विकिरणासाठी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा ११.७ आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. फळ किरणोत्सारी करायला त्यातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या अणुकेंद्रातून न्यूट्रॉन उडवायचा तर १ कोटीहून जास्त लागते. कोबाल्ट स्टीलच्या सीलबंद नळ्यांत असतो, पेट्या त्याच्यासमोरून फिरून बाहेर पडतात. आकडे नकोत म्हणणाऱ्याला एक्स-रे काढून घरी आलेल्या माणसाचं उदाहरण पुरे.

खरा अवघड प्रश्न पुढचा, आणि तो टाळला जातो. २००७ मध्ये लासलगावच्या विकिरण केंद्रातून आंबा अमेरिकेला गेला, तेव्हा अट होती किमान ४०० ग्रे डोसची. माणसाला सबंध अंगावर ५-१० ग्रे जीवघेणे ठरतात. मग आंबा कसा टिकतो? ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल ऊर्जा. ४०० ग्रेने फळ जेमतेम ०.१ अंशाने तापतं. किरणांचा घाव बसतो डीएनएवर, आणि त्याचा फटका सर्वाधिक सतत विभागणाऱ्या पेशींना. रक्तपेशी बनवणारी आपली अस्थिमज्जा अशा पेशींवरच चालते, किड्याची पुढची पिढीही. तोडलेल्या आंब्याला वाढायचंच नसतं. मात्र डोस फार चढला तर सालीवर डाग पडतात, क जीवनसत्त्वही थोडं घटतं. ‘काहीच बदलत नाही’ असं म्हणाल तर पहिल्याच डागाला उघडे पडाल.

‘किडे मरतात’ हेही अर्धवट. फळमाशी, कोयीतला भुंगा यांचं प्रजनन थांबतं. एखादी अळी जिवंत सापडू शकते. आधी सांगितलं नसेल तर गिऱ्हाईक म्हणणार, फसवलं.

कांद्याचंही तेच. २० ते २०० ग्रेने मोड थांबतात, सड नाही. काढणीनंतर नीट सुकवून, कोंब जागा व्हायच्या आत डोस दिला तरच उपयोग. चाळीत मोड फुटलेला माल आणून काही साधत नाही. शिवाय मधला कोंब मरून तपकिरी-काळा पडतो. विकिरण केलेल्या मालावर हिरवं राडुरा चिन्ह (विकिरणाची खूण) कायद्याने छापावंच लागतं, पण चिरल्यावर तो काळा ठिपका बघून घाबरणाऱ्याला त्यातून काय कळणार? गोणीवर एवढं छापा: ‘आतला कोंब काळसर दिसेल, काढून टाका, बाकी कांदा वापरा.’