कितवीत?

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मोठी रडारड झाली. भाच्याचा वाढदिवस ४ जानेवारीला. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे चार दिवसांनी गाडी चुकली. "वर्ष वाया गेलं!" दादा, वहिनी, मुलुंडची मावशी, सगळे एका सुरात. सहा वर्षांच्या पोराचं वर्ष वाया जातं म्हणजे नेमकं काय होतं, असं मी विचारलं. ग्रुप गप्प. मग दादाचं उत्तर आलं, "तुझं बरं आहे, तुला कुठे शाळा आहे!"

नाही शाळा. माझी मुलं घरीच शिकतात. इथे टेक्सासमध्ये १९९४ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टानेच घरची शाळा ही खाजगी शाळा मानली. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढं शिकवा, की झालं. तपासायला कोणी येत नाही. शाळेत घालणाऱ्यांना इथेही वयाची १ सप्टेंबरची रेघ आहेच, पण ती माझ्या मुद्द्याला सोयीची नाही, म्हणून ग्रुपवर लिहिली नाही.

माझी तीन मुलं. थोरली नऊची, मधला सातचा, धाकटी पाचची. पुस्तक घेण्याआधी प्लेसमेंट टेस्ट घ्यायची आणि वय विसरून जिथे अडतं तिथून सुरू करायचं. प्रत्येक प्रकाशकाची पायरी वेगळी. सिंगापूर मॅथचं एका इयत्तेचं पुस्तक दोन भागांत येतं, तिसरीचं ३ए आणि ३बी. सॅक्सनच्या एका पुस्तकावर ५/४ असे दोन आकडे, म्हणजे साधारण पाचवीच्या किंवा हुशार चौथीच्या मुलांसाठी. मॅथ-यू-सी तर आकडेच टाळतं, अल्फा, बीटा, गॅमा. इतिहास-विज्ञान मात्र तिघांना एकत्र. थोरली परिच्छेद लिहिते, मधला चित्र काढतो, धाकटी रंगवते. वर्ष वाया जातच नाही, कारण मुळात वर्षच नाही. हे सगळं मी दादाला तीन व्हॉइस नोट्समध्ये ऐकवलं.

ऐकवलं नाही ते असं. ऑगस्टमधल्या टेस्टमध्ये थोरली आणि मधला दोघेही ३ए वर आले. ती भागाकारावर अडते, तो बसल्या बसल्या करतो. मंगळवारी घरी शिकणारी मुलं एकत्र जमतात त्या को-ऑपमध्ये कुणी कुणाला इयत्ता विचारत नाही, पण घरात दोघं एकाच टेबलाशी बसतात. त्या रात्री मी ट्रेडर जोजच्या कागदी पिशव्या कापल्या आणि सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. जूनमध्ये दादरला आई घालायची तशी, कोपरे आत मुडपून, पाठीला डबल कागद. आई त्यावर लेबल लावून नाव, इयत्ता, तुकडी लिहायची. मी फक्त नाव लिहिलं. पहिल्याच आठवड्यात मधल्याने कव्हर नखाने उचकटून आकडा बघितला आणि बहिणीला सांगितला. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. इथे टक्केवारी नाही, तुकडी नाही, रिक्षाकाका नाहीत, कुठल्या शाळेच्या दारातली रांग नाही. तरी रडली.

दादा पुढे म्हणाला, "आम्ही दोघं नोकरीला, घरी कोण शिकवणार?" मी लगेच लिहिलं की प्रश्न इच्छेचा असतो, मुंबईतही घरी शिकवणारे आहेत, पुढे एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावीला बसवतात. पाठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मी घरी होते ती इच्छेने नव्हे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर होते, मला नोकरीची परवानगी नव्हती. इंजिनिअरिंगची डिग्री कपाटात आणि थोरली चारची. शिकवायला घेतलं ते तिच्याइतकंच माझ्यासाठी. तत्त्व मागाहून आलं.

आणि मराठी. त्यात तिघंही एकाच पायरीवर, बाराखडीच्या. बालभारतीची पहिली ते चौथीची पुस्तकं मी नेटवरून उतरवून छापून घेतली आहेत. चौथीचं शिवाजी महाराजांचं पुस्तक त्यांना फार आवडतं. रोज रात्री एक पाठ मी वाचते, ती ऐकतात. अफझलखानाच्या पाठाला धाकटी माझ्या कुशीत शिरते. "प्रतापगड" हा शब्द मात्र तिघांतलं कुणीच वाचू शकत नाही. याची प्लेसमेंट टेस्ट मी अजून घेतलेली नाही.

गेल्या डिसेंबरात दादरला गेलो होतो. जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी थोरलीची हनुवटी धरली. "केवढी मोठी झाली गं! कितवीत आहेस?" ती माझ्याकडे बघायला लागली. को-ऑपमध्ये विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, गणितात इथे, वाचनात तिथे. मराठीत तिला ते जुळवता येईना. काकू थांबलेल्या, हातात दुधाची पिशवी.

"चौथीत," मीच म्हणाले.

काकू खूश होऊन दारात गेल्या. वर चढताना थोरलीने माझा हात ओढला.

"चौथी म्हणजे शिवाजी महाराजांचं पुस्तक ना? पण ते तर तू वाचतेस."